कचेरी आणि चूल : साथीच्या दोन वर्षांतील महाड-पोलादपूर



२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत रायगड जिल्ह्याचा कारभार कोणाच्या हातीं होता, हें आज आठवून पाहिलें तर एक नवलाची गोष्ट ध्यानांत येते. जिल्हाधिकारी निधी चौधरी. पालकमंत्री अदिती तटकरे. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षा योगिता पारधी. आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील महाड शहराच्या नगराध्यक्षा स्नेहल जगताप. चारही जागीं एकाच वेळीं स्त्रिया होत्या. आपल्या आज्यांनीं हें ऐकलें असतें तर त्यांनीं तोंडांत बोट घातलें असतें. आणि नेमकी त्याच वेळीं अशी साथ आली, कीं जिनें सगळ्या जगाला एकच आज्ञा केली : घरीं बसा.

ही आज्ञा ज्यांना पाळावयाची होती त्यांच्याविषयीं पुष्कळ बोललें गेलें. जिला ती बजावून घ्यावयाची होती आणि संध्याकाळीं त्याच आज्ञेनें भरून गेलेल्या आपल्या घरांत परत यावयाचें होतें, त्या बाईविषयीं आज मला बोलावयाचें आहे. केवळ वर सांगितलेल्या चौघींविषयीं नव्हे. त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत आलीं. बँकेच्या शाखेची व्यवस्थापिका, आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी, शाळेची मुख्याध्यापिका, कारखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख, डोंगरावरच्या गांवची सरपंच, या सर्व माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दुसऱ्यांकडून काम करवून घेणें हेंच यांचें काम. पंडित लोक यांच्या अडचणीला काम आणि कुटुंब यांचा संघर्ष म्हणतात. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अमेरिकन अभ्यासकांनीं १९८५ सालीं त्याचे तीन प्रकार सांगितले : वेळेचा, मनावरच्या ताणाचा, आणि वागण्याच्या रीतीचा. वर्गीकरण चांगलें आहे. परंतु महाड-पोलादपूरच्या मातींत तें कसें उगवलें हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ उमगत नाहीं.

महाड हें सावित्री नदीच्या कांठचें जुनें व्यापारी गांव. आज त्याच्या शेजारीं औद्योगिक वसाहत आहे आणि तींत रसायनांचे कारखाने आहेत. महामार्गानें पुढें गेलें कीं पोलादपूर लागतें. तेथून एक वाट कशेडी घाटांतून खेडकडे उतरते, दुसरी आंबेनळी घाटानें महाबळेश्वरला चढते. जिल्ह्याचें ठाणें अलिबाग समुद्रकांठीं, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पोलादपूरच्या डोंगरांतल्या वाड्या रस्त्यापासून आणखी आंत. या भागांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठीं मुंबईला जात आले. त्यांना आम्ही चाकरमानी म्हणतों. शिमग्याला आणि गणपतीला ते यावयाचे, चार दिवस राहून परत जावयाचे. आणि मागें राहिलेली बाई भाताची लावणी, गुरें, सासूसासऱ्यांचें आजारपण, मुलांची शाळा आणि भावकींतले तंटे हें सगळें सांभाळावयाची. तेव्हां व्यवस्थापन ही येथल्या स्त्रीला कोणी नव्यानें शिकविलेली विद्या नव्हे. तिच्याजवळ खुर्ची आणि शिक्का नव्हता, इतकेंच. १९९३ नंतर पंचायतींत एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या, तेव्हां शिक्काही आला. चूल मात्र होती तेथेंच राहिली.

२०२० च्या मार्चांत होळी ९ तारखेला होती. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतले न परतले तोंच २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मुंबईंतली दहा बाय दहाची खोली, बंद पडलेलें काम, आणि शेजारच्या चाळींत निघालेला रुग्ण, अशा स्थितींत माणूस गांवाकडे निघणारच. कोणी वाहनानें आले, कोणी पायीं. गांवच्या वेशीवर त्यांना अडविण्याचें, शाळेंत वेगळें ठेवण्याचें, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था लावण्याचें काम गांवच्या समितीकडे आलें आणि समितीचें प्रमुखपण सरपंचाकडे.

आतां असा विचार करा. सरपंच बाई आहे. वेशीवर उभा असलेला मनुष्य तिचा दीर आहे. बरोबर जाऊ आहे, कडेवर पुतणी आहे. सासू ओटीवर बसून वाट पाहत आहे. "वहिनी, आम्हांला तुम्हीसुद्धां शाळेंत ठेवणार?" असा प्रश्न येतो. तिनें दिराला घरांत घेतलें तर उद्यां वाडींतल्या दुसऱ्या कोणाला अडविण्याचा तिला अधिकार राहत नाहीं. आणि शाळेंत ठेवलें तर पुढचीं वीस वर्षें त्या घरांत तिला हा दिवस ऐकून घ्यावा लागतो. शहरांतल्या अधिकाऱ्याचें घर आणि त्याची कचेरी निदान वेगळ्या रस्त्यांवर असतात. येथें दोन्ही एकाच पायवाटेवर आहेत. पुरुष सरपंचालाही हा पेंच पडलाच असेल. फरक असा, कीं शाळेंत ठेवलेल्या माणसांचा डबा करावयाला त्याच्या घरीं कोणी होतें. बाई सरपंचानें दुपारीं हुकूम द्यावयाचा आणि सायंकाळीं त्याच दिराचा डबा स्वतः रांधून पाठवावयाचा. त्या डब्यांत मीठ जास्त कीं कमी, यावर मग घरांत काय बोललें गेलें असेल, तें श्रोत्या भगिनींना मीं सांगावयास नको.

खालीं महाडला दुसरें चित्र होतें. औषधें आणि त्यांना लागणारीं द्रव्यें हीं आवश्यक ठरल्यामुळें कांहीं कारखाने चालू राहिले. रसायनाची भट्टी ही घरच्या चुलीसारखी नसते. मनांत आलें कीं विझवली, असें तिथें चालत नाहीं. बँकांचे दरवाजेही उघडे राहिले, कारण सरकारनें खात्यावर घातलेली मदत काढावयाला लोक रांगा लावून उभे होते. अशा कारखान्यांतल्या किंवा शाखेंतल्या प्रमुख बाईचा दिवस कसा उभा असे? सकाळीं साडेआठला ती घराबाहेर पडे. तिच्यामागें भांडीं घासणारी मावशी येई, दुपारीं शाळेंतून येणाऱ्या मुलाला सासूबाई वाढीत, तापबीप आला तर माहेरची आई एस.टी.नें येऊन चार दिवस राही, आणि शेजारच्या काकू किल्ली सांभाळीत. ह्या चौघींच्या खांद्यांवर तिची खुर्ची उभी होती. बाहेरून पाहणाराला ती एकटी दिसे.

साथीनें नेमकें काय केलें? या चौघींना तिच्यापासून तोडलें. मावशीला इमारतींत येण्याची बंदी झाली. एस.टी. बंद पडली. शेजारचें दार लागलें. सासूबाई घरांतच होत्या, पण त्यांचें वय पासष्टाच्या वर. आणि दिवसभर शंभर माणसांच्या श्वासांत बसून आलेली सून हीच त्यांच्या जिवाला धोका झाली. ज्या हातांवर मूल सोंपवून ती निघे, त्याच हातांना आतां तिनें शिवावयाचें नव्हतें. परत आल्यावर मोरींतून सरळ स्नानाला, कपडे गरम पाण्यांत, मुलगी दारापाशीं उभी राहून हात पसरीत आहे आणि आई "थांब, जवळ येऊं नको" असें ओरडते आहे, हें दृश्य त्या दिवसांत घरोघरीं झालें. पंडितांचा तो दुसरा प्रकार, मनावरचा ताण, तो हा. कामाचा ताण घरीं आणला असें आपण नेहमीं म्हणतों. येथें तिला भय होतें तें घरीं मृत्यु आणण्याचें.

म्हणून माझें म्हणणें असें आहे, कीं या संघर्षाला बाईचा आणि तिच्या नोकरीचा संघर्ष म्हणणें अपुरें आहे. सुशिक्षित स्त्रीनें घराबाहेर पाऊल टाकलें तेव्हां घरांतलें काम कमी झालें नाहीं, आणि घरांतल्या पुरुषानेंही तें उचललें नाहीं. तें दुसऱ्या स्त्रियांकडे गेलें. कांहींना आपण त्याचें वेतन दिलें, तेंही थोडें. आणि कांहींना "आई आहे ना घरीं" एवढेंच म्हटलें. ही व्यवस्था इतकी सवयीची होती कीं ती व्यवस्था आहे हेंच कोणाला दिसत नव्हतें. ती मोडली तेव्हां दिसली. मावशीच्या घरीं त्या महिन्यांत चूल पेटली कीं नाहीं, हा प्रश्न तर आमच्या चर्चेंत फारच उशिरां आला. तिलाही घर होतें, मुलें होतीं, आणि तिच्या हाताखालीं दुसरी मावशी नव्हती.

आंकडे पाहावयाचे तर भारत सरकारनें २०१९ सालीं, म्हणजे साथ येण्यापूर्वींच, लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटें. पण खरी मेख पुढें आहे. घरकामांत मुळीं हात घालणारे पुरुष शंभरांत सव्वीसच होते; स्त्रिया एक्याऐंशी. त्या ९७ मिनिटांच्या हिशेबांत उरलेले चौऱ्याहत्तर पुरुष नाहींतच. साथ आली तेव्हां घराची ही मांडणी आधींच ठरून गेलेली होती. कांहीं घरांत पुरुषांनीं त्या दिवसांत कणीक मळली, भांडीं घासलीं, त्याचीं छायाचित्रें काढून मित्रांना धाडलीं. चांगलें झालें. परंतु ज्या कामाचें छायाचित्र काढावेंसें वाटतें तें काम अजून आपलें झालें नाहीं, असेंच मला वाटतें.

तिसरा प्रकार वागण्याच्या रीतीचा, आणि माझ्या मतें सर्वांत कमी ओळखला गेलेला. मार्चच्या मध्यापासून शाळा मिटल्या होत्या. "शाळा बंद पण शिक्षण सुरू" असें धोरण आलें. मुख्याध्यापिकेचें घर हीच शाळेची कचेरी झाली. पोलादपूरच्या वाड्यांवर मोबाइलला संपर्क मिळावा म्हणून मुलें माळावर चढत होतीं, आणि त्या मुलांपर्यंत कोणता शिक्षक कसा पोंचला याचा अहवाल बाईंना रोज वर पाठवावा लागे. घरांत एकच चांगला फोन. त्यावर त्यांची बैठक आणि त्यावरच त्यांच्या मुलाचा तास. आतां कचेरींत अधिकाऱ्याचा एक आवाज असतो. तो थोडा कोरडा, थोडा करडा, आणि बोललेलें पुन्हा न सांगणारा. घरीं आईचा दुसरा आवाज असतो. महाडहून पोलादपूरला जातांना जीपमध्यें जीं तीस-चाळीस मिनिटें मिळतात, त्यांत बाई एक आवाज उतरवून दुसरा चढवते. साथीनें हा रस्ताच काढून घेतला. बैठकींत शिक्षकाला विचारलेल्या प्रश्नाचा स्वर न बदलतांच मुलाला "गृहपाठ कां झाला नाहीं?" असें विचारलें जाऊं लागलें, आणि उलट, मागून कुकरची शिटी झाली कीं बैठकींतले चार पुरुष गालांतल्या गालांत हंसत. पुरुष अधिकाऱ्याच्या मागें शिटी झाली तर ती त्याच्या पत्नीच्या कुकरची असे, आणि त्यावर कोणी हंसत नसे.

एवढ्यावर भागलें असतें तर महाडची कथा इतर गांवांसारखीच राहिली असती. परंतु या दोन तालुक्यांवर दोन वर्षांत संकटामागून संकटें आलीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलें आणि दक्षिण रायगडांत घरांचीं छपरें, विजेचे खांब आणि सुपारी-नारळाच्या बागा झोपवून गेलें. अंतर राखा असें सांगणाऱ्यांनाच आतां छप्पर गेलेल्या माणसांना एका निवाऱ्याखालीं गोळा करावें लागलें. त्याच वर्षीं २२ ऑगस्टला गणपति बसले. २४ तारखेच्या संध्याकाळीं महाडच्या काजळपुरा भागांतली तारीक गार्डन ही पांच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसें मेलीं. दुसऱ्या दिवशीं गौरी यावयाच्या होत्या. कोंकणांत गौर म्हणजे माहेरीं येणारी लेक. तिच्या पावलांसाठीं उंबऱ्यापासून रांगोळी काढणें हें घरच्या बाईचें मानाचें काम. त्या रात्रीं ढिगाऱ्यापाशीं आणि रुग्णालयांत ज्या स्त्रिया कामावर उभ्या होत्या, त्यांच्यापैकीं जिच्या घरीं गौर होती तिच्यासाठीं उंबऱ्यावरचीं पावलें दुसऱ्या कोणीतरी काढलीं असतील. ही गोष्ट लहान आहे असें म्हणणारे म्हणोत. बाईच्या मनांत अशाच गोष्टींची नोंद राहते, आणि घरच्यांच्याही.

पुढच्या पावसाळ्यांत, २२ जुलै २०२१ रोजीं, सावित्रीनें महाडची बाजारपेठ बुडविली. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतल्या तळिये गांवावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेंही दरडी उतरून माणसें दगावलीं. शहर चिखलांत, दुकानांतला माल रस्त्यावर, आणि साथ अजून सरलेली नाहीं. मग चार दिवसांनीं, २६ जुलैला, महाडचे माजी आमदार माणिकराव जगताप यांचें मुंबईंत निधन झालें. करोनाचें आजारपण त्यांच्या मागें लागलेलें होतें. महाडच्या नगराध्यक्षा स्नेहल जगताप या त्यांची कन्या. गांवावरचें सर्वांत मोठें संकट आणि पित्याचा मृत्यु एकाच आठवड्यांत यावा, असा योग फारच थोड्यांच्या वांट्याला येतो. त्यांच्या मनावर काय गुदरलें तें कल्पनेनें रंगवून सांगण्याचा मला अधिकार नाहीं. मला फक्त एवढेंच विचारावयाचें आहे, कीं अशा पदावरच्या माणसानें चार दिवस शोक करावयाचा ठरविल्यास त्याच्या जागीं तितक्याच अधिकारानें दुसरें कोणी उभें राहील, अशी तयारी आपण कोठें करून ठेवलेली असते काय?

अशा प्रसंगीं आपण गौरव करतों. "घर विसरून कर्तव्याला जागली", "तान्हें मूल सोडून कामावर गेली", असे मथळे साथीच्या काळांत आपण पुष्कळ वाचले. हा गौरव मला पटत नाहीं. त्यांत कौतुक असतें, पण त्याहून अधिक सोय असते. हार घातला कीं पाळणाघर बांधावें लागत नाहीं. कोणी म्हणेल, सावित्रीबाई फुल्यांनीं काय केलें? प्लेगांत त्या रुग्णांची सेवा करीत होत्या आणि त्याच साथींत १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. खरें आहे. पण नीट पहा. तो दवाखाना त्यांच्या मुलाचा, डॉ. यशवंतचा होता. आई आणि मुलगा एकाच कामावर होते. जोतीराव १८९० सालीं गेले. ते असतांनाही त्या घरांत काम आणि संसार अशा दोन वेगळ्या खोल्या नव्हत्या. बाईचें काम सगळ्या घरानें आपलें मानलें होतें. सावित्रीबाईंचें उदाहरण देणाऱ्यांनीं जोतीरावांचें आणि यशवंताचेंही उदाहरण त्याच दमांत द्यावें. तें सहसा कोणी देत नाहीं.

दुसरा आक्षेप असा, कीं हाल पुरुषांचेही झाले. झाले, पोलीस, वाहनचालक, सफाई कामगार, डॉक्टर यांनीं काय सोसलें तें आपण पाहिलें आहे. प्रश्न सोसण्याच्या मापाचा नाहीं. रात्रीं अकराला ढिगाऱ्यापाशीं उभ्या असलेल्या पुरुष अधिकाऱ्याला घरून फोन येतो, "तुम्ही जेवलांत का?" त्याच जागीं उभ्या असलेल्या बाईला फोन येतो, "डाळ कोठें ठेवली आहे?" हा फरक पगारपत्रकांत दिसत नाहीं.

आतां कायद्यांनीं काय दिलें तें थोडक्यांत सांगतें. मातृत्वलाभाच्या कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेनें पाळणाघर ठेवावें असें ठरलें. कलम उत्तम आहे. परंतु बँकेच्या तालुक्याच्या शाखेंत पन्नास माणसें नसतात, आरोग्य केंद्रांत नसतात, शाळेंत नसतात. महाडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांतही नसतात. मग ज्या जागीं बाई अधिकारी आहे, ती जागा कायद्याच्या मोजमापांतून नेमकी निसटते. दहा आस्थापनांनीं मिळून वसाहतीच्या तोंडाशीं एक पाळणाघर चालवावयास कायद्याची आडकाठी नाहीं. तेथें काम करणाऱ्या बायांना रास्त वेतन दिलें, तर ती वर सांगितलेली अदृश्य मावशीही माणसांत येईल.

राज्य सरकारनें २०१८ सालीं आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठीं एकूण १८० दिवसांची रजा मंजूर केली. हें पाऊल स्वागतार्ह होतें, आणि अनेकींना तें उपयोगी पडलें. त्या निर्णयांत पुरुष कर्मचाऱ्यांचाही उल्लेख होता. मूल सांभाळण्याची ही रजा बापालाही मिळावयाची होती. मात्र त्याची पत्नी हयात नसेल, किंवा असाध्य आजारानें अंथरुणाला खिळलेली असेल, तर.